मराठ्यांचं न बांधलेलं महाविद्यालय

आज ज्या महाविद्यालयाबद्दल मी बोलणार आहे ते महाविद्यालय कधी अस्तित्वातच नव्हतं. त्याला इमारत नव्हती, प्राचार्य नव्हते, प्रवेशपरीक्षा नव्हती आणि पदवीदान समारंभही नव्हता. तरीही दीडशे-पावणेदोनशे वर्षं तिथे तीन विषय शिकले गेले. पहिला, कागद सांभाळणं. दुसरा, परक्या दरबारात जाऊन बोलणी करणं. तिसरा, समोरच्याला पटेल, रुचेल आणि बांधून ठेवेल असं लिहिणं. या महाविद्यालयाचं नाव मराठ्यांचं दप्तर.

माझा मूळ विषय तत्त्वज्ञान. इतिहासाच्या माणसांनी या विषयावर पुष्कळ लिहिलं आहे, त्यामुळे कोणती लढाई कधी झाली हे मी सांगत बसणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. एखादी विद्या एका समाजाकडे उत्तम असते, रोज वापरात असते, आणि तरी दोन पिढ्यांत ती अशी कशी नाहीशी होते की नातवाला आजोबांची सहीसुद्धा वाचता येत नाही? गव्हाणमध्ये हा प्रश्न विचारण्याला कारण आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी थोडं मागे जाऊ. राजाचा कागद कसा लिहावा याचं शास्त्र आपल्याकडे फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शासनाधिकार नावाचं एक प्रकरण आहे. त्यात लेखाचे सहा गुण सांगितलेत: अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व. म्हणजे महत्त्वाचं आधी लिहा, पुढचं मागच्याशी विसंगत नको, काही राहायला नको, गोड असावं, गावंढळ नसावं आणि कळावं. दोषही दिलेत. पुनरुक्ती हा दोष, व्याघात म्हणजे आधीच्या विधानाला छेद देणं हा दोष. आपल्या सरकारी परिपत्रकांना ही फूटपट्टी लावून बघा एकदा, करमणूक होईल.

त्याच ग्रंथात दूतांचे तीन प्रकार आहेत. निसृष्टार्थ, म्हणजे ज्याला पूर्ण अधिकार देऊन पाठवलंय, जो स्वतः ठरवू शकतो. परिमितार्थ, म्हणजे ज्याचा अधिकार नेमून दिलाय. आणि शासनहर, म्हणजे नुसता कागद पोचवणारा. हे तीन शब्द लक्षात ठेवा. पुढे आपल्या पनवेलहून निघालेल्या एका फौजेच्या गोष्टीत ते लागणार आहेत.

मराठीत हे शास्त्र यादवांच्या काळात आलं. हेमाद्री पंडित, आपला हेमाडपंत, हा यादवांचा श्रीकरणाधिप होता, म्हणजे सगळ्या राजकीय लेखनाचा प्रमुख. पत्र कोणाला कसं लिहावं याचे नियम सांगणारं 'मेस्तक' परंपरेने त्याच्या नावावर आहे, आणि मोडी लिपीचं श्रेयही परंपरा त्यालाच देते. पुढे शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांकडे बघा. आठांपैकी तीन प्रधान थेट आपल्या विषयाचे आहेत. सचिव म्हणजे सुरनीस, तो कागद तपासणार. मंत्री म्हणजे वाकनीस, तो रोजची नोंद ठेवणार. आणि सुमंत म्हणजे डबीर, तो परराष्ट्र पाहणार. महाराजांच्या आज्ञेवरून राजव्यवहारकोश तयार झाला, त्यात फारसी-दखनी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय दिले. गंमत अशी की पर्याय कोशात राहिले आणि कारकून 'सुरनीस', 'दप्तर', 'शेरा', 'रुजू' असंच लिहीत राहिले. भाषा हुकमाने बदलत नाही, सवयीने बदलते.

आता हे महाविद्यालय शिकवायचं कसं ते पाहू. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला, धुळाक्षरं झाली, कित्ता गिरवून झाला, की बापाबरोबर किंवा मामाबरोबर कचेरीत जाऊन बसायचा. पगार नाही. त्याला म्हणायचे उमेदवार. आज उमेदवार म्हटलं की निवडणूक आठवते, पण जुन्या मराठीत उमेदवारी म्हणजे आशेवर केलेलं बिनपगारी काम. बोरू तासायचा, शाई करायची, ओल्या अक्षरांवर वाळू टाकायची. मोडीची पद्धत अशी की आधी शिरोरेघ कागदभर ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लोंबकळत, हात न उचलता लिहीत जायचं. कागद घडी घालून डावीकडे समास सोडायचा. समर्थांच्या दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास आहे हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. अध्यात्माच्या ग्रंथात बोरू आणि शाईचा विचार येतो, यावरून त्या काळी नीट लिहिण्याला काय किंमत होती ते कळतं.

नक्कल करता करता मुलगा मायने शिकायचा. मायना म्हणजे पत्राच्या सुरुवातीचं संबोधन, आणि तिथेच अर्धं राजकारण असायचं. बरोबरीच्या सरदाराला 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री', विद्वान ब्राह्मणाला 'वेदशास्त्रसंपन्न', धाकट्याला 'चिरंजीव'. खाली 'विनंती उपरी' लिहायचं की 'आशीर्वाद' की 'साष्टांग नमस्कार', यावरून कोण कोणापेक्षा वर आहे ते ठरायचं. एक पायरी चुकली तर पाहणारा दुखावायचा, आणि दुखावलेला सरदार पुढच्या मोहिमेला उशिरा यायचा. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रात सांगितलं की श्रोता आधी बोलणाऱ्याचा स्वभाव तोलतो, मग त्याचा युक्तिवाद. आमच्या चिटणिसांनी ॲरिस्टॉटल वाचला नव्हता, पण ते श्रोत्याला आधी त्याची स्वतःची जागा दाखवायचे आणि मग मुद्द्यावर यायचे. प्लेटो असता तर या सगळ्याला खुशामत म्हणाला असता. वक्तृत्व ही स्वयंपाकासारखी जिभेला रिझवणारी करामत आहे, खरं औषध नव्हे, असं त्याचं मत. मला ते पटत नाही. अनेक मानी माणसांना एका कामावर टिकवून ठेवायचं असेल तर स्वयंपाकही यावा लागतो.

मग तारीख. जुन्या मोडी कागदावर 'छ' असं एक अक्षर दिसतं, ते चंद्राचं चिन्ह, मुसलमानी महिन्याची तारीख. वर्ष मात्र सुहूर सनाचं, आणि तेही अरबी आकड्यांच्या शब्दांत, उलट्या क्रमाने. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की १७६०-६१ येतं. पानिपतचं साल. वर्ष सुरू व्हायचं मृगाला, म्हणून त्याला मृगसाल म्हणायचे. ब्राह्मण कारकून, मराठी भाषा, अरबी आकडे, शेतकऱ्याचं पावसाळी वर्ष. 'शुद्ध' परंपरेच्या गोष्टी करणाऱ्यांनी हा एक दिनांक वाचायला शिकावं, असं मला नेहमी वाटतं.

शेवटी शिक्का. मजकूर संपला तिथे मोर्तब. ते झालं म्हणजे खाली कोणी ओळ घुसडू शकत नाही. कागद निघण्याआधी त्याची नोंद व्हायची, तिला बार म्हणत. मंत्रालयात किंवा कलेक्टर कचेरीत आजही 'बारनिशी' म्हणून टेबल असतं, जिथे तुमचा अर्ज शिक्का मारून आत जातो आणि पुष्कळदा तिथेच मुक्काम करतो. ते टेबल मराठ्यांच्या दप्तराचं वारस आहे.

कागदाची परीक्षा हाही अभ्यासाचाच भाग. 'ध चा मा' ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. नारायणरावाला धरावे असा हुकूम होता, आनंदीबाईंनी एक अक्षर बदलून मारावे केलं, आणि ३० ऑगस्ट १७७३ ला खून झाला. पण तो कागद आजवर कोणा इतिहासकाराच्या हाती लागलेला नाही. एका बाईला अडीचशे वर्षं आपण न पाहिलेल्या कागदावरून दोषी ठरवत आलोय. दप्तरात उमेदवारी केलेल्या पोराने पहिला प्रश्न हाच विचारला असता की अस्सल कुठे आहे?

पेशवाईच्या भरात पुण्याच्या हुजूर दप्तरात दोनशेच्या वर कारकून काम करत. कागद विषयवार, सालवार लावून कापडात बांधायचे. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात, अजूनही. नाना फडणीस त्या व्यवस्थेचा आत्मा होता. नाना तलवारबहाद्दर नव्हता, पानिपतावरून जीव वाचवून आलेला माणूस. त्याची ताकद एवढीच की हिंदुस्थानातल्या प्रत्येक दरबारातलं पत्र त्याच्याकडे यायचं आणि कोणतं पत्र कोणत्या रुमालात आहे हे त्याला माहीत असायचं.

ही पत्रं लिहिणारे म्हणजे वकील. आपण वकील म्हटलं की काळा कोट आठवतो. तेव्हा वकील म्हणजे परदरबारी राहणारा राज्याचा प्रतिनिधी. दिल्लीला हिंगणे घराणं, हैदराबादला निजामाकडे गोविंदराव काळे. त्यांची पत्रं वाचावीत. मुख्य पत्र एक, आणि प्रत्येक विषयाला वेगळी पुरवणी, म्हणजे पुण्यात ती सुटी करून ज्या त्या माणसाला देता यावी. दरबारात कोण कोणाशी हसून बोललं, नबाबाची तब्येत कशी आहे, धान्याचा भाव काय, फौजेचा पगार किती महिने थकलाय. शेवटची ओळ फार महत्त्वाची. पगार थकलेली फौज म्हणजे निम्मी फौज, हे पुण्याला लढाईच्या आधी कळायचं. पत्र न्यायला जासुदांची जोडी, एकाला काही झालं तर दुसरा असावा म्हणून.

आता पनवेलची गोष्ट. नोव्हेंबर १७७८. राघोबादादांना गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज निघाली आणि ती उतरली आपल्या पनवेलला. जवळजवळ ३,९०० माणसं आणि त्यांच्या सामानाला १९,००० बैल. खोपोलीवरून बोरघाट चढत, मुंगीच्या पावलांनी ती तळेगावापर्यंत गेली. मराठ्यांनी पुढचा मुलूख जाळून मोकळा केला. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज रातोरात मागे फिरले आणि वडगावला कोंडले गेले. लढाई मी इथे सोडून देतो, कारण मला त्यानंतरचं बोलणं महत्त्वाचं वाटतं.

इंग्रजांनी फार्मर नावाच्या अधिकाऱ्याला बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत पाठवलं. त्याने सांगितलं की आमच्या कमिटीला तह करण्याचा अधिकारच नाही, बंगालच्या वरिष्ठ सरकारची मंजुरी लागेल. कौटिल्याच्या भाषेत, आम्ही निसृष्टार्थ नाही हो, परिमितार्थ आहोत. यावर महादजी शिंद्यांचं उत्तर ग्रँट डफने नोंदवून ठेवलंय. महादजींनी उलट विचारलं की कर्नल अप्टनने पुरंदरला केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला तो आधी दाखवा. पुरंदरचा तह १७७६ चा, बंगाल सरकारनेच केलेला. म्हणजे मोडताना अधिकार होता आणि जोडताना नाही? असा जबाब सुचायला तलवार पुरत नाही, मागचा कागद डोक्यात असावा लागतो.

पण मंडळी, इथेच थांबून विचार करा. जबाब उत्तम होता, आणि कागद कच्चा निघाला. आमच्या लोकांनी वडगावचा करार लिहून घेतला, फार्मर आणि स्टुअर्ट यांना ओलीस ठेवून घेतलं, कोंडलेली फौज सोडून दिली. समोरचा माणूस सांगत होता की मला अधिकार नाही, आणि आम्ही त्याचीच सही घेतली. मुंबई आणि बंगालने तो करार साफ नाकारला आणि युद्ध पुढे तीन वर्षं चाललं. वक्तृत्वात पैकीच्या पैकी गुण मिळाले, पण दूताचं अधिकारपत्र तपासण्याच्या साध्या विषयात नापास.

१७८२ च्या सालबाईच्या तहात ही चूक झालेली नाही. तो तह थेट वॉरन हेस्टिंग्जच्या प्रतिनिधीशी, अँडरसनशी झाला. महादजी नुसते सही करणारे नव्हते, दोन्ही बाजूंचे मध्यस्थ आणि जामीन होते. आणि नानांनी त्यावर पुण्याची मान्यता द्यायला काही महिने लावले, कारण तिकडे हैदर अली अजून लढत होता आणि मान्य न केलेला तह हीसुद्धा एक ताकद असते. तीन वर्षांत आमची माणसं वडगावचा धडा शिकली. पण हा धडा गेला कुठे? नानांच्या डोक्यात आणि रुमालात. वकिलाने काय तपासावं याचा ग्रंथ कोणी लिहिला नाही, वर्ग भरवला नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचं. त्यात टोपीकरांपासून सावध राहण्याचा, ते नुसते व्यापारी नसून त्यांच्या मागे राजे आहेत हा मुद्दा स्वच्छ मांडला आहे. त्यानंतर शंभर वर्षांत त्या तोडीचं दुसरं पाठ्यपुस्तक झालं नाही.

इंग्लंडला कोणी गेलंच नाही असं मात्र नाही. १७८१ मध्ये राघोबादादांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला आणि त्याच्यासोबत एका पारशी गृहस्थाला लंडनला पाठवलं होतं. एडमंड बर्कने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं आणि सोवळ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. ते परत आले. त्यांनी काय पाहिलं, पार्लमेंट काय असतं, कंपनी आणि राजा यांच्यात भांडण कसं आहे, हे पुण्यातल्या कुठल्या उमेदवाराला शिकवलं गेलं? शिकवायला जागाच नव्हती.

बाहेर मात्र अशा जागा होत्या. व्हेनिसच्या सिनेटने १४४६ मध्ये राज्याच्या लेखनशाळेसाठी मुलं तयार करायला पैसा मंजूर केला आणि त्यांना व्याकरण, वक्तृत्व आणि सुलेखन शिकवायची सोय केली. व्हेनिसचे वकील पुढे युरोपभर गाजले ते काही हवेतून पडले नव्हते. आणि आपल्या जवळचं उदाहरण जास्त झोंबणारं आहे. नाना फडणीस १३ मार्च १८०० ला वारले. त्याच वर्षी वेलस्लीने कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. तिथे विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने इंग्रज पोरांना मराठी शिकवली, १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये कोश छापला आणि त्यात मराठी शब्द मोडीच्या खिळ्यांनी जुळवले. मराठी भाषा शिकवणारं कॉलेज त्यांच्याकडे होतं. इंग्रजी शिकवणारं आमच्याकडे नव्हतं. इतकं उघड आहे हे की त्यावर भाष्य करायला नको.

दोन वर्षांत, ३१ डिसेंबर १८०२ ला, दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. त्यात तैनाती फौज आली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख गेला, हे सगळे शिकवतात. माझ्या दृष्टीने त्यातलं सगळ्यात घातक कलम वेगळं. इंग्रजांना विचारल्याशिवाय पेशव्याने दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत. म्हणजे एका सहीत वकिलीच बंद. दिल्ली, हैदराबाद, नागपूर, म्हैसूर इथून येणाऱ्या पत्रांना अर्थ उरला नाही. महाविद्यालयाचा एक विभाग त्या दिवशी बंद झाला, आणि आमच्याकडून 'वकील' हा शब्द रिकामा झाल्यावर पुढे तो कोर्टाने उचलला.

आता थोडं कडू बोलतो. हे महाविद्यालय मोजक्या घरांचं होतं. ब्राह्मण आणि कायस्थ प्रभू, त्यातही ठरावीक घराणी. बाळाजी आवजी चिटणिसांची गोष्ट सांगतात की महाराजांनी पत्र वाचायला सांगितलं आणि त्यांनी कोऱ्या कागदावरून ते अस्खलित वाचून दाखवलं. खरी असो नसो, गोष्ट सुरेख आहे. पण ती विद्या गेली त्यांच्या मुलाकडे, खंडो बल्लाळांकडे, मग नातवाकडे. आगरी, कोळी, कुणबी माणूस त्या कागदात येतो तो 'मौजे अमुक, रयत तमुक' असा. त्याला मायना नाही. त्याच्या शेताचा सारा, त्याने बांधलेल्या खारबांधाचा हिशोब, त्याच्यावरची वेठ, सगळं लिहिलेलं आहे आणि त्याला स्वतःला वाचता येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये 'ब्राह्मणांचे कसब' आणि १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा त्यांच्या रागाचं एक मोठं कारण हा कागद होता. कुलकर्णी काय लिहितो आणि आपण कशावर अंगठा उठवतो, हेच शेतकऱ्याला ठाऊक नसायचं.

काही अभ्यासक म्हणतात की घराण्यांतून विद्या चालली म्हणून ती टिकली. मला उलट वाटतं. घराण्यात विद्या राज्य असेपर्यंत टिकते, कारण घराण्याला ती पोटासाठी हवी असते. राज्य गेलं, पगार गेला, की त्याच घरातली मुलं दुसऱ्या पिढीत इंग्रजी शिकून मामलेदार होतात. त्यात त्यांचा दोष नाही. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर मठांचे आणि सरदारांचे कागद सरकारजमा झाले, ते वाचणारी माणसं संपत आली, तेव्हा १८२१ मध्ये पॅरिसला जुन्या सनदा वाचायला शिकवणारी सरकारी शाळा निघाली. ती आजही चालू आहे, आणि तिथे कोणाचा मुलगा आहेस हे विचारत नाहीत. आमचं दप्तर त्याच सुमाराला इंग्रजांच्या हाती गेलं. त्यांना ते मुख्यतः सारा आणि इनामं तपासायला हवं होतं. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन पूर्ण जोरात आलं. घरात सनद आहे, पण दप्तरात जोड सापडत नाही, म्हणून पिढ्यांची इनामं गेली. पुढे पुण्यात या कागदांसाठी दगडी इमारत झाली आणि दारं बंद. अभ्यासकाला आत प्रवेश नाही.

मग बाहेरचे लोक कामाला लागले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरून घराण्यांच्या माळ्यांवरचे रुमाल उतरवत राहिले. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला, पुढे बावीस झाले. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांचं दप्तर छापलं, पारसनिसांनी मेणवलीहून नानांचे कागद मिळवले. ७ जुलै १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. सरकारी दप्तराचं दार नीट उघडलं ते गोविंद सखाराम सरदेसाई आत गेले तेव्हा, आणि १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यांनी निवडक कागदांचे ४५ खंड काढले. पंचेचाळीस खंड म्हणजे फार वाटतं. पण त्या इमारतीतले कागद कोटींत मोजतात. आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळेतून मोडी गेली. छापायला बाळबोध सोयीची, हे खरंच आहे, पण कागद वाचणारी पिढी तयार करायची दुसरी व्यवस्था न करता ती गेली. आज मुलाच्या पाठीवर जे ओझं असतं त्याला आपण दप्तर म्हणतो. शब्द शाळेत पोचला, विद्या नाही पोचली.

आता गव्हाणकडे येतो. मार्च १९७० मध्ये सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, आपलं गाव त्यातच. नोटिसा आल्या त्या मराठीत होत्या, पण ती मराठी कोणाची? 'संपादन', 'निवाडा', 'कबजेदार', 'इतर हक्क'. शेतात तीन पिढ्या राबणाऱ्याचं नाव कधी सातबाऱ्यावर नव्हतंच, कधी इतर हक्कांत कोपऱ्यात होतं. मिठागरावर काम करणाऱ्याचा, खाडीत मासे मारणाऱ्याचा तर कागदच नाही. रयत पुन्हा कागदासमोर, पण या वेळी एक फरक होता. गावाकडे आपला वकील होता.

दि. बा. पाटील जासईचे. पेशाने ते वकील होतेच, पण मी आज तो शब्द जुन्या अर्थाने वापरतोय. एका समाजाचा प्रतिनिधी म्हणून सरकारच्या दरबारात उभा राहणारा माणूस. जानेवारी १९८४ मध्ये आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले, ही गोष्ट मी तुम्हाला सांगावी एवढा मी मोठा नाही, तुमच्या घरांनी ती पाहिली आहे. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व सरकारला मान्य करावं लागलं. त्यात मोर्चा होता, भाषणं होती, रक्त होतं, आणि शेवटी जे हातात पडलं ते कागदावर लिहून घेतलेलं होतं. वडगावला जे कच्चं राहिलं होतं ते इथे जमलं असं म्हणायचा मोह मला होतो. पण साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळायला कोणाला किती वर्षं थांबावं लागलं आणि वारसांच्या नोंदीवरून किती घरांत भांडणं लागली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून तो मोह आवरतो.

माझी एक मागणी आहे आणि ती फार मोठी नाही. पनवेल-उरण पट्ट्यातल्या एखाद्या कॉलेजात संध्याकाळचा एक वर्ग असावा. पहिले सहा महिने मोडी आणि जुन्या तारखा. पुढचे सहा महिने सातबारा, फेरफार, निवाडा, करार वाचणं आणि त्यावर सरळ मराठीत अर्ज लिहिणं. आणि दर आठवड्याला एक तास उभं राहून बोलणं, समोर अधिकारी बसलाय असं समजून. फी नाममात्र, वयाची अट नाही. मोडीचे छोटे वर्ग ठिकठिकाणी निघतात आणि चांगले असतात, पण त्यात बहुधा शिवकालाची आवड असलेली माणसं येतात. मला तिथे ज्याच्या शेताचा दावा चालू आहे तो माणूस बसलेला हवा आहे. आवड संपते, दावा संपत नाही.

एक-दोघांनी सुरुवातीला विचारलं होतं की घरी ट्रंकेत मोडी कागद आहेत, काय करायचं. तर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आतला ओलावा कोंडतो आणि खाडीकाठच्या हवेत कागद वर्षभरात बुरसटतो. धुतलेल्या सुती कापडात बांधा, म्हणजे रुमालातच. घडी जिथे आहे तिथेच राहू द्या, उलटी घालू नका. लॅमिनेशन तर कधीच नको. फाटलं असेल तर चिकटपट्टी लावू नका. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागची बाजू विसरू नका, कारण नोंद आणि शेरा बहुतेक वेळा मागेच असतो. वर 'छ' दिसतं का बघा, खाली शिक्का आहे का बघा. आज ज्यांनी कागद आणलेत त्यांनी थांबा, प्रश्नोत्तरं झाली की आपण इथेच टेबलावर उघडून बघू.